काउंटरखालची पिशवी

माझ्या मामेभावाचं मिठाईचं दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर पालिकेचं पथक आलं, काउंटरखालचा प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा उचलला आणि पाच हजारांची पावती फाडून गेलं. दादाने पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि नेहमीचं भांडण पेटलं. निम्मे म्हणाले, छोट्या दुकानदारालाच बरे धरतात. उरलेल्यांचं बोट माझ्याकडे: ‘तिला विचारा, जर्मनीत लोकांना शिस्त असते.’

मी जर्मनीतल्या ट्युबिंगन शहरात चाळीस चौरस मीटरच्या गाळ्यात, दोन मदतनिसांना घेऊन जेवणाचं दुकान चालवते. त्यामुळे या शिस्तीबद्दल मला चार शब्द बोलायचेत.

जानेवारी २०२३ पासून इथे पार्सल देणाऱ्या हॉटेलांना परत वापरायच्या डब्याचा पर्याय ठेवावाच लागतो. पाचपर्यंत कर्मचारी आणि ८० चौरस मीटरपर्यंत जागा असेल तर त्यातून सूट, पण गिऱ्हाईकाने स्वतःचं भांडं आणलं तर ते भरून द्यायचं आणि तशी पाटी लावायची. मी पाटी लावली. आठवड्याला भांडं घेऊन येणारे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. एक आजी नेमाने येतात. बाकीच्यांतले निम्मे ५० सेंट वाचवायला येतात, कारण या शहराने २०२२ पासून एकदाच वापरायच्या खोक्यावर आणि कपावर तेवढा कर लावलाय, काट्या-चमच्यावर २० सेंट. मॅकडोनाल्ड्सची इथली शाखा चालवणारी व्यक्ती त्याविरुद्ध कोर्टात गेली. निकाल जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला: घटना न्यायालयाने कर वैध ठरवला. कर भरायचा मीच, पण मी तो बिलावर वेगळा दाखवते, म्हणून त्यावरची बोलणीही मीच खाते.

तेव्हा शिस्त बाजूला ठेवा. मला इथे खरा आधार वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तिच्याबद्दल ग्रुपवर कुणी विचारत नाही. पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्याने त्याच्या कचऱ्याचा खर्च उचलायचा, हे तत्त्व जर्मनीत १९९१ पासून आहे. २०१९ मध्ये त्यासाठी नवा कायदा आला. माझ्यासारखीला पार्सलच्या खोक्यांसाठी त्यात एक मुभा आहे: कचऱ्याच्या खर्चाचं हे शुल्क घाऊक व्यापाऱ्यानेच आधी भरलेलं असावं, असा आग्रह मी धरू शकते. मी खोकी तशीच घेते आणि बिलावर तशी ओळ छापलेली असते. जुलै २०२२ पासून मला ‘लुसिड’ नावाच्या पॅकेजिंग-नोंदणीच्या यादीत नावही नोंदवावं लागतं. फुकट आहे, ऑनलाइन आहे, एका बैठकीत झालं. शुल्क बुडवलं तर दंड दोन लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. पण माझ्या काउंटरखाली वाकून बघायला अजून कुणी आलेलं नाही.

आता दादाची पिशवी घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकची कॅरीबॅगच बंद. केंद्राच्या नियमात मात्र डिसेंबर २०२२ अखेरपासून १२० मायक्रॉन किंवा त्याहून जाड पिशवी चालते. म्हणजे देशात कुठेतरी ती कायदेशीर बनते, ट्रकमधून येते, दोन-तीन हात बदलते आणि दादाच्या गल्ल्यापाशी पोचली की गुन्हा होते. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. साखळीतला सगळ्यात शेवटचा, सगळ्यात सहज सापडणारा माणूस तेवढा पकडायचा. याला मी पर्यावरणाचं धोरण म्हणणार नाही.

पण दादाची बाजूही मला पूर्ण पटत नाही. जुलै २०२२ मध्ये मिठाईच्या खोक्यावरची प्लास्टिक फिल्म देशभर बंद झाली, तेव्हा त्याने ती एका दिवसात सोडली. सुतळी हाताशी होतीच. रसमलाईचं तसं नाही, ती कागदात बांधून दाखवा. अडचण तेवढ्या ओल्या मालाची आहे आणि तो पिशवी देतो सगळ्यालाच, शेवपापडीलासुद्धा. दुकान छोटं म्हणून हे माफ करावं असं मला वाटत नाही. मलाही कर आणि नोंदणी कुणी माफ करत नाही.

जर्मनी स्वच्छ आहे अशी कुणाची समजूत असेल तर माझ्या दुकानामागचे पिंप बघायला या. इथे दरडोई वर्षाला २०० किलोहून जास्त पॅकेजिंगचा कचरा होतो. तो उचलायची सोय चोख आहे, एवढंच.

परवा फोनवर मी दादाला म्हटलं, तूही माझ्यासारखी पाटी लाव ना, भांडं आणा म्हणून. तो हसायला लागला. ‘अगं, दही न्यायला निम्मं गाव पातेलं घेऊन येतं. त्याला पाटी कशाला?’

‘मग रसमलाईला का नाही आणत?’ मी विचारलं. तेवढ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं.