निष्ठावंत म्हणजे नक्की कोण हो?

बास झालं आता! 'निष्ठावंत' हा शब्द कुणीतरी काही वर्षं कुलपात घालून ठेवा. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. चारही गट म्हणतात, निष्ठावंत आम्हीच! मग फुटलं कोण? भिंत? निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे निवडणूक आयोगाकडे गेले. अहो, निष्ठा आहे की सातबारा?

आमच्या चौकातला फ्लेक्स बघा. तेच जोडलेले हात, तोच गॉगल, तेच 'कट्टर निष्ठावंत'. वरचे साहेब तेवढे बदललेत. तिकीट मिळालं की निष्ठेचं फळ. नाही मिळालं की 'निष्ठावंतांवर अन्याय', आणि संध्याकाळी गळ्यात दुसऱ्याच रंगाचं उपरणं. तिथेही आधीचे निष्ठावंत बसलेलेच, उपऱ्यांच्या नावानं बोटं मोडत!

ज्यानं तीस वर्षं सतरंज्या उचलल्या तो मात्र नुसता 'कार्यकर्ता'. (भाषणात 'पक्षाचा कणा'. वडापाव गारच.)

आणि समोरच्याचा निष्ठावंत? तो कधीच निष्ठावंत नसतो. तो भक्त, चमचा, नाहीतर गुलाम. पूर्वी 'भक्त' म्हटलं की पंढरीची वाट आठवायची. आता काका तो शब्द घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि आत्या ग्रुप सोडते.