१०७ रुग्ण आणि एकत्रित टक्केवारी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, स्ट्रेप्टोमायसिन या क्षयरोगावरील औषधाच्या चाचणीवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. अवघ्या १०७ रुग्णांवरून औषधाचा गुण ठरवता येत नाही, कारण वॉर्डात दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे होतच असतात, हा पहिला. आणि औषध घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांची सरमिसळ करून काढलेली टक्केवारी हिशेबात धरणे मुळातच चूक आहे, हा दुसरा. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात आपण काम केलेले असल्याने सविस्तर लिहितो.

दुसरा आक्षेप आधी घेतो. ब्रिटनमधील त्या चाचणीत सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले आणि केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४, म्हणजे ७.३ टक्के आणि २६.९ टक्के. औषधाने मृत्यूच्या प्रमाणात काहीच फरक पडत नाही, ही शून्य परिकल्पना. ती खरी असेल तर दोन्ही गटांचे मृत्यूचे प्रमाण मुळात एकच असणार, आणि त्याचा सर्वांत चांगला अंदाज सगळ्या १०७ जणांवरूनच मिळणार : १८ मृत्यू, १६.८ टक्के. ही सरमिसळ खरी आहे असा दावा त्यात नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे घटकाभर मान्य करून ते कुठवर टिकते, एवढेच त्यातून पाहिले जाते. यावरून निघणारी स्टँडर्ड एरर, म्हणजे निव्वळ योगायोगाने फरकात साधारण किती चढउतार होईल याचे माप, सुमारे ७.२ टक्के-अंकांची आहे आणि प्रत्यक्ष फरक १९.७ चा, म्हणजे तिच्या २.७ पट. औषध निरुपयोगी असते तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने हजारात सुमारे सात वेळाच दिसला असता. या शक्यतेलाच पी-व्हॅल्यू म्हणतात; येथे ती ०.००७ आहे.

फरक किती मोठा, हे विचारताना मात्र एकत्रित टक्केवारीला आधार उरत नाही. तेथे दोन्ही प्रमाणे वेगळीच ठेवावी लागतात, आणि ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, ५.८ पासून ३३.५ टक्के-अंकांपर्यंत पसरते. रुग्ण कमी असल्याची किंमत या रुंदीत आधीच मोजलेली आहे.

तरीही आपल्या वॉर्डातील अनुभवात तथ्य आहे. औषधाच्या गटात दोन मृत्यू जास्त आणि दुसऱ्या गटात दोन कमी झाले असते, तर आकडे ६ आणि १२ झाले असते आणि पी-व्हॅल्यू ०.०९ वर, म्हणजे शंभरात सुमारे नऊ वेळांवर, गेली असती. म्हणूनच माझा विश्वास केवळ पी-व्हॅल्यूवर नाही. कोणाला औषध मिळणार हे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांवरून ठरवले होते आणि ते बंद पाकिटांत ठेवले होते. रुग्णाला चाचणीत घेईपर्यंत डॉक्टरांनाही त्याचा पत्ता नसे. ही निवड डॉक्टरांच्या हाती असती आणि अधिक खालावलेले रुग्ण एकाच गटात गेले असते, तर दहा हजार रुग्ण घेऊनही तो दोष निघाला नसता.

एका बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. ही परीक्षा सहा महिन्यांच्या मृत्यूंपुरतीच उत्तर देते. स्ट्रेप्टोमायसिन एकट्याने दिल्यावर अनेक रुग्णांत त्याला न जुमानणारे जंतू वाढले, पुढे लाभ ओसरत गेला, आणि म्हणून त्याच्या जोडीला पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अॅसिड) हे क्षयावरील दुसरे औषध द्यावे लागले. औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईत आपण जवळून पाहिला आहे. जोड-औषधाने तो किती रोखला जातो, हे ठरवायला प्रतिकारक जंतू आढळलेल्या रुग्णांची दोन प्रमाणे घेऊन वेगळी तुलना करावी लागते. मृत्यूंवरून काढलेली ही पी-व्हॅल्यू तेथे कामाची नाही.