मुरघासाचा मका तुऱ्यावर कापू नका : खुलासा

‘मका तुऱ्यात आला की मुरघासाला कापा, चारा कोवळा, दूध जास्त’ असा मेसेज करवीर-कागलकडच्या ग्रुपवर फिरतोय. ओल्या वैरणीला हे चालेल, मुरघासाला (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) नाही. तेव्हा ताटात ८०-८५ टक्के पाणी असतं. बॅगेतून रस गळतो, उग्र वास सुटतो. दाणाच नाही म्हटल्यावर स्टार्च कुठून येणार?

कणीस मधोमध मोडा. दाण्याचा वरचा अर्धा भाग पिवळा-कडक आणि खाली अजून दूध, तर कापणी करा. शुष्क पदार्थ (पाणी सोडून उरणारा भाग) ३०-३५ टक्के हवा. मूठभर कुट्टी (बारीक कापलेला मका) अर्धा मिनिट दाबा: पाणी ठिबकलं तर थांबा, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. शुष्क पदार्थ ४० टक्क्यांपुढे गेला तर कुट्टी नीट दाबली जात नाही, आत हवा राहून बुरशी धरते. पानांच्या हिरवेपणावर मात्र जाऊ नका. काही हायब्रीडमध्ये दाणा पिकला तरी पानं हिरवीच राहतात.