चाकाच्या आगबोटी आणि एका फॉरवर्डची फेकाफेक

‘इंग्रजांच्या इंजिनिअरिंगमधला सर्वात मोठा मूर्खपणा: चाकाची आगबोट!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतोय. शेवटी हात जोडल्याची चिन्हं आणि ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोचवा’ हा नेहमीचा हुकूम. असले मजकूर मी एरवी न वाचता पुसून टाकतो. पण माझी पुतणी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या सेमिनारच्या स्लाइडवर हाच मजकूर जसाच्या तसा उतरलेला पाहिला. विचारलं तर म्हणते, “काका, इतक्या ग्रुपवर आलंय, सगळेच खोटं कशाला पाठवतील?” आता यावर काय बोलायचं? म्हणून हा प्रपंच.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. एक, बोटीच्या दोन्ही बाजूंना लावलेलं चाक म्हणजे उलटी चालवलेली पाणचक्की, आणि तिच्यात पन्नास वर्षांत काडीचीही सुधारणा झाली नाही. दोन, चाकाच्या फळ्या पाणी खाली दाबतात आणि वर उचलतात, त्यात निम्मी ताकद फुकट जाते, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तीन, कलत्या फळ्यांचं सुधारित चाक मुंबईच्या गोदीत बनलं, ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीवर बसवलं गेलं आणि इंग्रजांनी ते चोरून विलायतेला नेलं. चार, १८४५ मध्ये दोन सारख्या बोटींच्या रस्सीखेचीत पंख्याची (म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या स्क्रू प्रोपेलरची) बोट जिंकली आणि चाक त्याच दिवशी संपलं. पाच, आज जगात चाकाची एकही बोट कामाची उरलेली नाही.

पहिला मुद्दा म्हणतो सुधारणा झालीच नाही. तिसरा म्हणतो झाली, आणि ती चोरली. लिहिणाऱ्याने निदान स्वतःचा मजकूर तरी एकदा वाचायचा होता.

सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. ‘निम्मी’ हा आकडा कुठून काढला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, पण चाकाच्या आऱ्यांसारख्या ताठ बसवलेल्या फळ्या पाण्यात शिरताना ताकद वाया घालवतात हे मान्य. बादलीतल्या पाण्यावर तळहात आडवा आपटून पाहा आणि मग बोटांच्या कडेने घालून पाहा, म्हणजे कळेल. ताठ फळी पाण्यावर अशीच तिरकी आपटते. तळाशी आली की नीट मागे ढकलते आणि बाहेर पडताना पाणी उचलून घेते. चाक जितकं खोल बुडालेलं, तितका हा तोटा मोठा.

पण ‘कुणाच्या लक्षातही आलं नाही’? १८१३ मध्येच रॉबर्टसन ब्युकॅनन याने फळ्या सतत उभ्या ठेवणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. १८२९ मध्ये एलायजा गॅलोवे याने कलत्या फळ्यांचं पेटंट घेतलं. ते विल्यम मॉर्गनने विकत घेऊन सुधारलं, म्हणून ते ‘मॉर्गनचं चाक’ या नावानेच ओळखलं जाऊ लागलं. आणि १८३४ मध्ये, वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या पीटर बार्लोने रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आगबोटींच्या गतीवर एक निबंध छापला. त्यात साधं चाक आणि मॉर्गनचं चाक यांची प्रत्यक्ष बोटींवरच्या प्रयोगांवरून तुलना आहे. निष्कर्ष असा: चाक थोडंसंच बुडालेलं असेल तर कलत्या फळ्यांचा फारसा फायदा नाही, खोल बुडालेलं असेल तर फायदा मोठा. बाकी काही वाचायचं नसेल तर हा एक निबंध तरी वाचा. ज्या गोष्टीकडे ‘कुणाचं लक्षही गेलं नाही’, तिची मोजमापं घेऊन त्या काळच्या सर्वात मानाच्या नियतकालिकात ती छापून आली होती!

आता ते चाक चालतं कसं, हे सांगायलाच हवं. फॉरवर्डमध्ये नुसतं ‘कलती फळी’ म्हणून सोडून दिलंय. प्रत्येक फळी चाकाला घट्ट ठोकलेली नसते, ती एका खिळीवर फिरू शकते. फळीच्या पाठीला एक आखूड आडवा हात असतो, त्याला एक दांडा, आणि सगळ्या दांड्यांची दुसरी टोकं एका कड्याला जोडलेली. गंमत अशी की या कड्याचा मध्य चाकाच्या मध्यावर नसतो, तो थोडा पुढे, बोटीच्या नाळेच्या दिशेला सरकवलेला असतो. दांड्यांपैकी एक कड्याला पक्का बसवलेला, म्हणजे चाक फिरलं की कडंही त्याच्याबरोबर ओढलं जातं. दोघांचे मध्य वेगळे आणि दांड्यांची लांबी कायम, त्यामुळे चाक फिरताना प्रत्येक फळीला आपोआप कलावं लागतं. पाण्यात शिरताना ती कडेने शिरते, तळाशी जवळजवळ उभी असते, बाहेरही कडेने निघते. वरच्या भागात ती कशीही कलो, तिथे नुसती हवा. पुतणीला पुठ्ठा, ड्रॉइंग पिना आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन हे करायला लावलं. फळ्या दोनच लावल्या तरी सगळं डोळ्यांसमोर येतं. कड्याची पिन चाकाच्या मध्यावर आणून ठेवली की फळ्या कलायच्या थांबतात आणि साध्या चाकाप्रमाणे ताठ राहतात.

याचा फायदा नुसत्या ताकदीपुरता नव्हता. ताठ फळ्यांचा आपटा कमी करायचा तर चाक मोठं ठेवावं लागे, आणि मोठं चाक म्हणजे संथ फिरणारं अवजड इंजिन. कलत्या फळ्यांमुळे चाक लहान करता आलं आणि इंजिन जलद फिरवता आलं.

मग सगळ्यांनीच ते का बसवलं नाही? कारण ते नाजूक. खाऱ्या पाण्यात सतत फिरणारे इतके सांधे, म्हणजे खिळी आणि बुश (खिळीभोवतीची नळी) झिजणारच. पुढे पितळी आवरणाच्या खिळी आणि लिग्नम व्हिटी या टणक लाकडाचे बुश आले तेव्हा त्रास आटोक्यात आला. भर समुद्रात एखादा दांडा तुटला तर सुटी फळी चाकावरची पेटी फोडून टाकू शकते. साधी फळी मोडली तर खलाशी आकडेदार बोल्ट सोडून नवी बसवतात. बोट कोळशाने लादलेली असेल तर फळ्या आत सरकवून चाक जणू लहानही करता येई. म्हणून लांबच्या सफरीवर कित्येकांनी ताठ फळ्याच पत्करल्या. याला मूर्खपणा म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात. मधला मार्गही होता: इंजिनं बनवणाऱ्या मॉड्स्ली कंपनीतला जोशुआ फील्ड याने १८३३ मध्ये एका रुंद फळीच्या जागी पायऱ्यांसारख्या मागेपुढे बसवलेल्या अरुंद पट्ट्या वापरून पाहिल्या, म्हणजे त्या एकामागून एक पाण्यात शिरतात आणि आपटा वाटला जातो. १८३८ मध्ये ब्रिस्टलहून न्यूयॉर्कला गेलेल्या ‘ग्रेट वेस्टर्न’ला अशीच चाकं होती. इथे पहिला मुद्दाही निकालात निघतो.

आता तिसरा. हाच सर्वांत जास्त शेअर होतोय आणि हाच सर्वांत जास्त नुकसान करतो.

‘ह्यू लिंडसे’ खरी. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने बांधलेली, ४११ टनांची, १८२९ मध्ये पाण्यात उतरलेली. २० मार्च १८३० ला कमांडर जॉन विल्सन तिला घेऊन मुंबईहून सुएझला निघाला आणि ३३ दिवसांत पोचला. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण तिची ८०-८० अश्वशक्तीची दोन इंजिनं मॉड्स्लींकडून, म्हणजे विलायतेहूनच आलेली होती, हे मात्र सोयीस्करपणे गाळलंय. फिरत्या फळ्यांचं ब्युकॅननचं पेटंट १८१३ चं, म्हणजे ही बोट पाण्यात उतरण्याच्या सोळा वर्षं आधीचं. चोरी झाली म्हणता, मग ती मुंबईहून विलायतेला उलट्या काळात झाली की काय? एखादं रेखाचित्र, एखादं पत्र, गोदीच्या कागदांतली एखादी ओळ तरी द्या. काही नाही. पुरावा म्हणून काय, तर ‘आमच्या माहितीनुसार’!

आणि तिचा प्रवास चाकाच्या जादूबद्दल काय सांगतो? बोटीत जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची सोय होती. एडनपर्यंत अकरा दिवस लागणार, म्हणून जिथे जागा सापडली तिथे कोळसा भरला. बोट अपेक्षेपेक्षा बरीच खोल बसली, म्हणजे चाकंही खोल बुडाली. ताठ फळ्यांचं सर्वांत वाईट होतं ते याच अवस्थेत, बार्लोचा निबंध आठवा. एडनला पोचेपर्यंत कोळसा जवळजवळ संपला होता. म्हणजे बोट वर उचललेली आणि चाकं उथळ. एकाच टप्प्यात चाकाला दोन टोकांच्या परिस्थितीत काम करावं लागलं. ३३ दिवसांतले बरेच दिवस तर वाटेत कोळसा भरण्यातच गेले. ही बोट गाजली ती मुंबईहून सुएझपर्यंतची वाट वाफेवर कापता येते हे दाखवून दिलं म्हणून. त्यासाठी तिला खोट्या चाकाची गरज नाही.

नुकसान म्हणतो ते यासाठी. याच वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. वाफेच्या यंत्रांत त्यांचा हातखंडा होता, माझगावच्या आपल्या घरात त्यांनी गॅसचे दिवे लावले होते, पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य इंजिनिअर झाले. हे सगळं कागदोपत्री आहे. त्यांचं नाव त्या फॉरवर्डमध्ये शोधून पाहा, नाही. खऱ्या माणसाला बाजूला सारून चोरीची गोष्ट रचायची आणि वर ‘अभिमान बाळगा’ म्हणायचं! उद्या परीक्षकाने पेटंटचं साल विचारलं तर आपल्या मुलांनी कुठे तोंड लपवायचं?

चौथा मुद्दा लवकर आवरतो. ३ एप्रिल १८४५ ची रस्सीखेच खरी. पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकाच्या ‘अलेक्टो’ला सुमारे पावणेतीन नॉटच्या वेगाने उलटं ओढत नेलं. पण सारखी होती ती नाममात्र, म्हणजे कागदावरची अश्वशक्ती, दोघींची २००. प्रत्यक्ष ओढाताणीत रॅटलरचं इंजिन सुमारे ३०० देत होतं आणि अलेक्टोचं त्याच्या निम्म्याहूनही कमी, कारण चाक अडलं की इंजिनही मंदावतं. जहाजरचनाकार आणि इतिहासकार डेव्हिड के. ब्राऊन यांनी दाखवून दिलंय की नौदलाने पंख्याच्या बोटींची मागणी आधीच नोंदवली होती, ही रस्सीखेच म्हणजे लोकांसाठी मांडलेला तमाशा. रॅटलर त्याआधीच्या शर्यतींतही जिंकली होती हे मात्र कबूल करतो. समुद्रात बोट डोलली की एक चाक हवेत आणि दुसरं पाण्यात खोल, यावर कलत्या फळ्यांकडेही उतारा नव्हता. म्हणून महासागरावर पंखा जिंकला, पण एका दिवसात नाही. पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथलं बेअरिंग झिजायचं आणि पाणी आत यायचं. जॉन पेनने लिग्नम व्हिटीचं बेअरिंग १८५४ मध्ये आणलं तेव्हा ते दुखणं बरं झालं. तरीही कुनार्ड कंपनीने १८६२ मध्ये ‘स्कॉशिया’ ही चाकाचीच बोट अटलांटिकवर उतरवली आणि तिने वेगाचा विक्रमही केला.

पाचव्याला काय उत्तर द्यायचं? ल्युसर्नच्या सरोवरावर चाकाच्या आगबोटी आजही उतारू नेतात. स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ कलत्या फळ्यांच्या चाकांवरच चालते. कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेल्या चाकाच्या ‘रॉकेट’ बोटींनी ढाका ते खुलना या नदीमार्गावर कित्येक दशकं माणसं वाहिली, उथळ पाण्यात त्यांची बरोबरी करणं सोपं नव्हतं. आणि ज्या ब्रिटिश नौदलाने १८४५ मध्ये चाक ‘संपवलं’, त्यानेच १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विमानवाहू जहाजं ओढण्यासाठी सात नव्या कोऱ्या चाकांच्या टग बांधून घेतल्या. डिझेल-इलेक्ट्रिक, दोन्ही चाकं स्वतंत्र फिरणारी: एक पुढे, एक मागे, आणि टग जागच्या जागी वळते.

हे सगळं त्या फॉरवर्डखाली उत्तर म्हणून टाकलं होतं. ग्रुपच्या अॅडमिनने ‘राजकारण नको’ म्हणत काढून टाकलं.