याला पडसं झालंय

गेल्या शनिवारी माझ्याच घराच्या तळघरात, माझ्याच पैशानं आणलेल्या यंत्रासमोर, माझ्याच आठ पाहुण्यांनी मला सांगितलं, "तू जरा गप्प बस रे, अप्पांना बोलू दे." त्या आठांत नसलेला नववा आवाजही मला ओळखू आला. तो बायकोचा होता.

यंत्र म्हणजे इंटेलिव्हॉइस. मॅटेल कंपनीनं (हो, बार्बीवालीच मॅटेल) इंटेलिव्हिजन नावाच्या व्हिडिओ गेमच्या डब्याला जोडायला 1982 साली काढलेलं. डब्याच्या उजव्या कुशीत जिथं कार्ट्रिज खुपसायची तिथं हे खुपसायचं, आणि कार्ट्रिज ह्याच्या पोटात. मग खेळ बोलायला लागायचा. आवाज कमीजास्त करायला अंगावर एक चाक. "एवढंच?" असं माझ्या लेकीनं पार्सल उघडल्यावर विचारलं होतं. तिला मी उत्तर दिलं नाही. तिच्या पिढीला फ्रिजसुद्धा बोलतो.

तीन महिने खपलो मी त्यापायी. आधी डबा मिळवला, मग इंटेलिव्हॉइस, मग ह्या सगळ्याला चॅनल 3 वर पकडणारा जुना काचेचा टीव्ही, जो तळघरात उतरवताना शेजारच्या पोराचा आणि माझा पाठीचा कणा एकाच पायरीवर वाजला. मग घरोघर आमंत्रणं: शनिवारी या, खिचडी आहे, आणि एक गंमत दाखवायचीय. लोक खिचडीसाठी आले. त्यात मित्राचे वडील होते, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. छत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवलं. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात माणसाला करायला काही नसतं, त्यातून अशा माणसाला.

पण अप्पांच्या आधी, मला ह्या भंगाराचं एवढं प्रेम का, ते सांगतो.

1981 साली आम्ही गिरगावातून न्यू जर्सीत आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून, आणि मी पाचवी संपता संपता उचललेला. म्हणजे इंग्रजीची माझी पुंजी एका वर्षाची, तीही 'दिस इज अ बॉल' छापाची. इथल्या शाळेत मला आठवड्यातून दोनदा वर्गातून उठवून एका छोट्या खोलीत नेत. तिथं एक बाई माझ्यासमोर आरसा धरून मला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगवेगळे म्हणायला लावत. वरचे दात खालच्या ओठावर टेकव. आता नको टेकवू. आता टेकव. खोलीच्या दाराला काच होती आणि दाराबाहेर पाणी प्यायचा नळ होता, त्यामुळे सगळ्या वर्गाला नेमकी तेव्हाच तहान लागायची.

तशात 1983 साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. 1984 च्या सुरुवातीला मॅटेलनं तो विभागच बंद केला. दुकानांतल्या मोठमोठ्या डब्यांमध्ये खेळ मातीमोल भावात पडले, आणि माझ्या वडिलांना खरेदीचा मुहूर्त सापडला. आमच्या घरी आलेली प्रत्येक नवी वस्तू ही बाजारातून उठलेली असायची. त्यांनी डबा, इंटेलिव्हॉइस आणि दोन कार्ट्रिज एका पिशवीत घालून आणल्या आणि म्हणाले, "हे बोलतं म्हणे. तुझ्या इंग्रजीला बरं."

माझ्या इंग्रजीला बरं! एखाद्या पोराचा जन्म नासवायला एवढं वाक्य पुरतं.

कारण त्या दोनांतली एक कार्ट्रिज होती बी-सेव्हन्टीन बॉम्बर. सुरू केली की आधी एक यांत्रिक आवाज म्हणायचा, 'मॅटेल इलेक्ट्रॉनिक्स प्रेझेंट्स', आणि पाठोपाठ एक दुसराच गडी, दक्षिणेकडच्या कुणा शेतकऱ्यानं तंबाखू चघळत म्हणावं तसं, शेवटचा शब्द लांबवत म्हणायचा, 'बी-सेव्हन्टीन बॉऽऽमाऽ'. पुढे खेळात शत्रूची विमानं कुठून येताहेत ते घड्याळाच्या आकड्यांत ओरडून सांगायचे. दुसरी होती स्पेस स्पार्टन्स. तिच्यात एक बाई. आपलं यान फुटायला आलेलं असताना बँकेतल्या कारकुनाच्या शांतपणे हिशेब सांगणारी. मी दोघांचं इंग्रजी मनापासून गिरवलं. आमच्या घरात माझ्यापेक्षा वाईट उच्चार असलेलं तेवढं एकच यंत्र होतं, पण ते अमेरिकन होतं. मला वाटलं, हेच खरं.

एक दिवस इतिहासाच्या तासाला महायुद्ध निघालं, मी हात वर केला, आणि 'बॉऽऽमाऽ' म्हणालो.

जाऊ दे. चाळीस वर्षं झाली. (पुढचा सबंध महिना मला पाणी प्यायला त्या नळावर जाता आलं नाही, इतकंच नोंदवून ठेवतो.)

तर शनिवार. खिचडी झाली, मी सगळ्यांना खाली नेलं, दिवे मंद केले, आणि कळ दाबली. खर्रर्र झालं, आणि बेचाळीस वर्षांनी तोच आवाज आला: 'मॅटेल इलेक्ट्रॉनिक्स प्रेझेंट्स'. माझ्या अंगावर काटा आला. मी मागे वळून पाहिलं. सगळे टीव्हीकडे न बघता अप्पांकडे बघत होते. अप्पांनी हात वर केला होता.

"परत लाव."

मी परत लावलं.

"हं. याला पडसं झालंय."

हशा. मी म्हणालो, "अप्पा, जुनं यंत्र आहे, तेव्हा आवाज असाच—"

"आवाजाचं नाही म्हणत मी. आवाज घोगरा असेना का, आमचे हेडमास्तर घोगरेच होते. ह्याची अनुनासिकं जाताहेत. लाव पुन्हा." मी लावलं. अप्पा बोटांवर मोजू लागले. "मॅटेलचा म, एक. इलेक्ट्रॉनिक्सचा न, दोन. प्रेझेंट्सचा न, तीन. मग तो पुढचा सर्दाळलेला मनुष्य येतो, सेव्हन्टीनमध्ये दोन, पाच झाले, आणि बॉम्बरचा म, सहा. सहापैकी एकही धड नाही. नाक चोंदलेल्या मुलाला मी वर्गात उभा करत नसे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दे म्हणावं."

माझा खरा राग इथून पुढे सुरू होतो. कारण म्हातारा बरोबर होता.

ह्या यंत्रात जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची एसपी0256 नावाची चिप असते. तिच्यात आवाजाची टेप नसते. तिच्या पोटात जागा 2 किलोबाइट. काकूंच्या रोजच्या सुप्रभातच्या गुलाबाला ह्याच्या शंभरपट जागा लागते. एवढ्याशा जागेत आवाज मावत नाही, म्हणून आवाजाऐवजी तोंडाचा आकार साठवायचा: ह्या क्षणी घसा-तोंडाची पोकळी अशी, पुढच्या क्षणी तशी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं 1978 मध्ये स्पीक अँड स्पेल ह्या खेळण्यात हीच युक्ती केली होती. चिपकडे मूळ आवाज दोनच, एक गुणगुण आणि एक फुसफुस. गुणगुण म्हणजे कंठ, फुसफुस म्हणजे नुसता श्वास. त्या दोन्हींना पोकळीच्या गाळणीतून काढलं की शब्द होतो. पण ही पोकळी म्हणजे एक सरळ नळी आहे. नाकाकडे जाणारी फांदी तिला काढलेलीच नाही. त्या फांदीत आवाजातले काही सूर गिळले जातात, आणि गिळणं ह्या गणितात बसत नाही. म्हणून ह्या पद्धतीनं बोलणाऱ्या यंत्रांचे म आणि न कच्चेच राहतात. वन रूम किचन आहे ते, गॅलरी नाही.

हे मी वाचून ठेवलं होतं. हे मीच सांगणार होतो, खेळ संपल्यावर, माहितीदाखल. अप्पांनी ते खिचडीच्या ढेकरेवर सांगून टाकलं.

तरी मी चिकाटीनं गुणगुण आणि फुसफुस समजावली. चूक केली. अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे घोष आणि अघोष!"

"हो, तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाही, तेच. ग घोष, क अघोष. ब घोष, प अघोष. ह्यात नवीन काय केलं त्यांनी? आपल्याकडं प्रातिशाख्यांत, वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत, आहे हे."

आता ह्यावर काय बोलणार? परदेशात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य महिन्यातून एकदा ऐकावं लागतं, विमानापासून प्लास्टिक सर्जरीपर्यंत कशावरही, आणि ऐंशी टक्के वेळा हसून विषय बदलता येतो. इथं बदलता येईना, कारण घोष-अघोष खरोखरच आहेत प्रातिशाख्यांत. मी एवढंच म्हणालो, "पण अप्पा, त्यांनी ते टीव्हीतून बोलवलं."

"सर्दाळलेलं," अप्पा म्हणाले, आणि मला गप्प बसायला सांगितलं गेलं ते ह्याच वेळी.

मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला आणखी एक फुशारकी सुचली. त्याच कुळातली एक चिप पुढं सुटी मिळायची, तिच्यात 59 सुटे ध्वनी भरलेले. ते एकापुढे एक मांडले की हवा तो शब्द. आमच्या गल्लीतल्या एका पोराकडे ऑडिसी 2 हा मॅग्नावॉक्स कंपनीचा गेमचा डबा होता आणि त्याला जोडायचा 'द व्हॉइस'. त्याचा आवाज टीव्हीतून न येता त्याच्याच पोटातल्या स्पीकरमधून यायचा. त्यावर टाइप अँड टेल म्हणून कार्ट्रिज होती: पट्टीवर अक्षरं दाबा, ते बोलणार. शब्द शुद्ध लिहिला तर अशुद्ध बोलायचं, म्हणून मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करत बसावं लागे. आम्ही सगळ्या शिव्या चुकीच्या स्पेलिंगनं लिहिल्या आणि त्याच्या आईनं त्या शुद्ध ऐकल्या. हे मी सांगितलं, चांगला हशा मिळाला, पहिल्यांदाच माझा स्वतःचा हशा, आणि अप्पांनी विचारलं:

"एकोणसाठांत ख आहे?"

"ख... नाही. इंग्रजीसाठी होती ना चिप."

"घ? झ? भ?"

"नाही."

"ळ?"

"नाही, अप्पा."

"मग एकोणसाठ कशाचे झाले? च आहे?"

"च आहे!" मी जवळजवळ ओरडलो. "च चांगला आहे."

अप्पा क्षणभर थांबले. मग फार मायेनं, नापास होणाऱ्या पोराला पेपर परत देताना बोलावं तसं म्हणाले, "कुठला च? चहातला की चांगल्यातला?"

"म्हणजे?"

"चहातला च तालव्य. जीभ टाळूला. चांगल्यातला दंत्य. जीभ दातांमागं. तू आत्ता 'चांगला' म्हणालास त्यात चहातला च होता." मग सगळ्यांकडे वळून, "मघापासून ऐकतोय मी. चमचा मागितला तेव्हाही. म्हण बरं: चांगला."

मी म्हणालो.

"नाही. जीभ दातांमागं टेकव."

तळघरात शांतता. लेक मोबाइल बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा च दोन्हीकडे एकच आहे, तिला मीच शिकवलंय. कुणी तरी आरसा आणला नाही एवढंच.

"चांगला."

"आता नको एवढी दाबू."

अकराव्या वर्षी दात ओठावर टेकवायला शिकलो, पंचावन्नाव्या वर्षी जीभ दातांमागं. मधल्या काळात कधीतरी माझं तोंड बरोबर असलं पाहिजे, निदान एखादा आठवडा, पण तेव्हा कुणी तपासायला नव्हतं. आणि ज्यांनी तपासावं ते काय करतात? मंगळवारी औषधाच्या दुकानात फोन लावला. यंत्रानं आडनाव विचारलं. आवाज काय सुरेख, म-न झुळझुळीत, नाक मोकळं, गॅलरी-बिलरी सगळं. माझ्या आडनावात ळ आहे. तीनदा सांगितलं. तीनदा ते फार वाईट वाटल्यासारखं म्हणालं की मला कळलं नाही, आणि चौथ्यांदा माझी जन्मतारीख चुकीची ठरवून फोन ठेवला. स्पेस स्पार्टन्सच्या बाईनं मला कधी काही विचारलं नाही. तिला कानच नव्हते, बिचारीला. यान फुटतंय एवढं सांगायची आणि मला मरू द्यायची.

जाताना अप्पांनी पाठीवर हात ठेवला. "यंत्र चांगलं आहे हो," म्हणाले, च असा टोचून की माझ्याच दाताला लागला. मग थोडं थांबून, "ती बाई, हिशेब सांगणारी. तिचं नीट ऐकलं नाही मी. ती बरी बोलत होती."

काल मित्राचा निरोप आला: अप्पा विचारतायत, रविवारी येऊ का? त्यांनी शब्दांची यादी केलीय, यंत्राला म्हणून दाखवायची. ते बोलायचं यंत्र आहे, ऐकायचं नव्हे, हे त्यांना कुणी तरी सांगावं असंही लिहिलंय.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. बायकोनं दिलंय. थालीपीठ लावणार आहे म्हणे.