मामा यादीत येत नाहीत

"मुद्दा पहिल्याच वाक्यात सांगायचा," असं मी वर्गात म्हटलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, पहिल्यातच सांगून टाकला तर पुढचं कोण वाचेल?"

इंदूरच्या एका कॉलेजात मी पोरांना इंग्रजीतलं अकॅडमिक रायटिंग शिकवते. या गावात पत्ता विचारला तर आधी सराफ्याच्या खाऊगल्लीत काय खायचं ते ऐकून घ्यावं लागतं. तिथं मी टॉपिक सेंटेन्स, म्हणजे परिच्छेदाचा मुद्दा सांगणारं पहिलं वाक्य, शिकवते.

एकदा हौसेनं भाषातज्ज्ञ रॉबर्ट कॅप्लानच्या १९६६च्या लेखातल्या आकृत्या फळ्यावर काढल्या. इंग्रजी परिच्छेद म्हणजे सरळ खाली जाणारी रेघ, पूर्वेकडचा म्हणजे गोल गोल आत वळणारी. पूर्वेकडचा म्हणजे चिनी-कोरियन वगैरे, शिवाय या मांडणीवर पुढे टीकाही पुष्कळ झाली, हे सांगायला तोंड उघडलं तोवर वर्ग एका सुरात ओरडला, "जलेबी!" सकाळचे साडेनऊ वाजले होते. उरलेला तास पोह्यांबरोबर जलेबी का, यावर गेला.

म्हटलं, मग त्यावरच लिहा.

रामबागेतल्या एका मुलाचा निबंध 'सिन्स टाइम इममेमोरिअल, मॅन हॅज बीन हंग्री' इथून निघाला, अहिल्याबाईंना नमस्कार करून आला आणि चौथ्या परिच्छेदात पोह्यांपाशी पोचला. 'इंदूरचे पोहे जगात सर्वोत्तम' याखाली मी लाल पेनानं लिहिलं : दावा मवाळ कर, 'मे बी' घाल. पोरगा दुखावला. "मॅडम, सर्वोत्तम 'असू शकतात' असं लिहू? घरी काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या एकीनं नेटवरचा उतारा 'स्वतःच्या शब्दांत' आणला होता. त्यात राजवाड्याजवळ रोज 'ट्रॅफिक जेली' होत होती. जॅमला दुसरा शब्द! रागवावं की पाठ थोपटावी, कळेना. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याविरुद्धच्या नियमांत प्रबंधाचं दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, हे मी सांगायलाच नको होतं. तेव्हापासून १० टक्के हा वर्गाला आपला कोटा वाटतो.

पण खरी गाठ पडली संदर्भांवरून. रामबागवाल्यानं पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर का ठेवतात, वर शेव आणि जिरावण मसाला केव्हा घालायचं, हे इतकं नेमकं लिहिलं होतं की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खाली संदर्भसूचीत एकच नाव : मामा.

"अरे, ही वैयक्तिक मुलाखत. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत ती मजकुरात, कंसात येते. यादीत नाही."

"का?"

"कारण वाचकाला तो आधार स्वतः जाऊन तपासता येत नाही."

त्यानं माझ्याकडे अत्यंत कीव करून पाहिलं. "मॅडम, मामा रोज सकाळी सहा ते अकरा ठेल्यावरच असतात."