खापर, मांडे आणि तीन टक्के

मे महिन्यात अमळनेरला कागदाचं काम काढू नये. कुरडया घालाव्यात, पापड वाळवावेत, नाहीतर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडून राहावं. पण भाची सुट्टीला आलेली, तिच्या बाहुलीला स्वयंपाकघर हवं, आणि मामाच्या तोंडातून 'त्यात काय अवघड?' निघून गेलेलं.

नेटवर नमुने ढीगभर. छापा, कापा, चिकटवा. दोन दिवस खपून फ्रिज उभा केला, तर तो बाहुलीच्या कमरेलाही लागेना. मग कळलं, बाहुलीघराचं नेहमीचं माप एकास बारा, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. आमची बाई २९ सेंटिमीटरची, एकास सहाची. सहानं गुणा, १७४ सेंटिमीटर भरते! आमच्या सात पिढ्यांत एवढी उंच सून आली नाही.

सगळं दुप्पट करून झेरॉक्सच्या दुकानात गेलो. २०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर कागद मागितला तर त्यानं विचारलं, "पत्रिका कोणाची?" पहिलं पान त्यानं 'ॲक्चुअल साइज'वर काढलं. मधे चहा आला. दुसरं निघालं 'फिट टू पेज'वर. नमुना अमेरिकन लेटर कागदाचा, २१६ मिलिमीटर रुंद. आपला ए-फोर २१०. मशीननं इमानदारीनं सगळं तीन टक्के आवळलं. पहिल्या पानावर पिठाचा डबा होता, दुसऱ्यावर त्याचं झाकण. तीन टक्के म्हणजे किती, हे मला बँकेच्या व्याजातही इतकं कधी टोचलं नव्हतं.

तरी हे सगळं चौकोनी. भाचीला हवं होतं आजीचं खापर. आता खापर म्हणजे पुरणाचे मांडे भाजायचं, पालथं घातलेलं मातीचं भांडं, आणि कागद एका बाजूलाच वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, घुमट काही केल्या होत नाही. त्यासाठी पाकळ्या कापून कडेला कडा जोडत जावं लागतं. मी आठ पाकळ्या काढल्या, संपलेल्या बॉलपेननं घडीच्या रेघा दाबल्या, टाचणीच्या टोकानं फेव्हिकॉल लावला. पाचवी पाकळी बसेपर्यंत पहिली सुटायची. दुपारभरानंतर हातात जे आलं त्याला भाची "कमळ" म्हणाली.

आई डोकावली. "हाई काय शे रे भाऊ?"

"खापर."

ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

कूलर लावला तर पाकळ्या उडतात, शिवाय ओलसर हवेनं कागद वाकडा होतो. बंद केला तर कपाळाचा घाम थेट कागदी ओट्यावर, आणि घरच्या प्रिंटरची शाई पाण्याला भिते. ओट्यावर निळा डाग पडला. भाचीला म्हटलं, तो नळ गळतोय.

सोपे निघाले फक्त मांडे. गोल कापा, तपकिरी ठिपके द्या, झालं. बारा मांडे कमळावर रचून ठेवले. भाचीला उकडत होतं, तिनं कूलर लावला.

एक मांडा उडून आईच्या ताटात, कळण्याच्या भाकरीवर बसला. तिनं चष्मा लावून तो उलटापालटा केला, उजेडात धरला.

"पातय जमनी रे, पन पुरन कोठे शे?"